खिळे तोंडात असताना

१

माझं काम खुर्च्यांचं. कोणाच्या सोफ्याची स्प्रिंग वर आली, कोणाच्या दवाखान्यातल्या बाकाचं रेक्झिन फाटलं, की ते माझ्याकडे येतं. जुनं कापड उसवायचं, आतला काथ्या झटकायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड ओढून बसवायचं. एका हाताने कापड ताणून धरलेलं असतं, दुसऱ्या हातात हातोडी असते. मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. मूठभर खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा आणि ठोकायचा. आमच्या धंद्यातले सगळे जुने लोक असंच करतात. त्यामुळे काम चालू असताना आम्ही मुके.

समोरचा चष्मेवाला माझा जुना मित्र. तो माझ्या गिऱ्हाइकांना रस्त्यापलीकडून ओरडून सांगतो, "बाकीची माणसं मूग गिळून बसतात, हा खिळे धरून बसतो! काही विचारायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत या."

खरं तर खिळे नसतानाही मला फार बोलता येत नाही. बायको होती तेव्हा ती दोघांचं बोलायची. ती गेली, मग मुलगी आणि मी उरलो. मुलगी माझ्या पायाशी बसून उरल्यासुरल्या कापडाने गुंड्या मढवायची, म्हणून मी तिला गुंडी म्हणायचो. पुढे ती मोठी झाली, लग्न होऊन गेली. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडावर घ्यायला मला लाज वाटायला लागली. का, ते मला सांगता येणार नाही.

एका उन्हाळ्यात ती दुकानात आली. अंगाची लाही होत होती आणि तिने मनगटापर्यंत बाह्यांचं काहीतरी घातलं होतं. मी काही विचारलं नाही. तिने दार लोटलं, बाही वर केली, मला बघू दिलं आणि पुन्हा खाली केली.

"मी लांब जातेय, बाबा," ती म्हणाली. "कुठे ते फक्त तुम्हाला सांगते. या वेळी नवऱ्याने मला शोधलं तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

तिने माझ्या कानाशी वाकून गावाचं नाव आणि घराचा ठावठिकाणा सांगितला. लहानपणी गुपित सांगायची तशी, हाताचा आडोसा करून. मग माझ्या फोनमध्ये तिने काहीतरी नवीन घालून दिलं.

"यातलं बोलणं कुलूपबंद असतं. किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये आणि माझ्या फोनमध्ये. मधल्या कुणालाही ऐकता येत नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनासुद्धा नाही."

"मग पत्ता बोलला तर चालेल?"

"नाही. गावाचं नाव तर नाहीच. अनोळखी नंबर मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका."

"मग बोलायचं काय?"

ती हसली. "तुम्ही एरवी तरी काय बोलता? ठोका. सकाळी दुकान उघडलं की हातोडीने बाकावर ठोका आणि ते पाठवा. मला कळेल बाबा बरे आहेत."

तसंच ठरलं. रोज सकाळी मी टक टक टक करायचो. थोड्या वेळाने तिकडून चमचा पेल्यावर वाजल्याचा आवाज यायचा. किण, किण. एवढ्यावर माझा दिवस चांगला जायचा.

२

एका सकाळी चमच्याच्या जागी तिचा आवाज आला.

"बाबा, कालचं मी परत परत ऐकलं. तुम्ही असं कधी बोलला नव्हतात हो. मला रडूच आलं."

मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाला पाठवायचं ते चुकून मला पाठवतेय. पण 'बाबा' दुसऱ्या कुणाला म्हणेल? माझ्या फोनमध्ये आदल्या दिवशीची माझी टकटक होती आणि दुसरं काही नव्हतं. मी तिला कसंबसं सांगितलं, मी काही बोललो नाही, काय ऐकलंस ते मला परत पाठव.

तिने पाठवलं. मी फोन कानाला लावला.

"गुंडे," माझाच आवाज म्हणाला, "थंडी पडली की तुझी फार आठवण येते गं. निजताना पाय उघडे टाकू नकोस. तू लहान होतीस तेव्हा मी उठून पांघरूण घालायचो. आता कोण घालत असेल?"

आवाज माझा होता. माझा घोगरेपणा, माझं शब्दाशब्दाला थांबणं. पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या होत्या, माझ्या दुकानाचा करकरणारा पंखा होता. हे सगळं ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं ते असं, की म्हातारा झालास, बोललास आणि विसरलास.

मग दुसऱ्यांदा ऐकलं. माझ्या आवाजाच्या मागे हातोडी चालू होती. एकसारखी, कापड ताणून धरल्यावर चालते तशी. एकही ठोका चुकत नव्हता. आणि ठोक्याठोक्याला माझा आवाज स्वच्छ, मोकळा बोलत होता.

हातोडी तशी चालते तेव्हा माझ्या तोंडात खिळे असतात.

मी हातोडी घेतली, गालात खिळे भरले आणि ते वाक्य बोलून पाहिलं. "गुं…" एवढं म्हणताच जीभ टोचली आणि लाळेबरोबर दोन खिळे बाकावर पडले. फोन तिथेच पालथा पडलेला होता.

३

चष्मेवाल्याला दाखवलं. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"अरे, किती छान बोलला आहेस! आता कशाला लपवतोस? मुलीशी प्रेमाने बोललास, चोरी नाही केलीस."

"मी बोललो नाही."

"मग तुझं भूत बोललं का? ते तरी तुझ्यापेक्षा बोलकं निघालं!"

तो हसला. मीही थोडा हसलो. पण परत दुकानात आलो आणि एका खुर्चीसमोर थबकलो. ती अजून उसवायची होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला आठवलं.

मी खुर्च्यांशी बोलतो. ही माझी जुनी खोड. बायको चिडवायची, "माझ्याशी चार शब्द बोलत नाही आणि त्या लाकडाशी संसार करतो." काम सुरू करण्यापूर्वी किंवा संपवल्यावर, तोंड मोकळं असतं तेव्हा, मी हळूच काहीबाही बोलतो. मुलगी गेल्यापासून जास्तच. थंडी, पांघरूण, गुंडी, हे सगळं मी खुर्च्यांना सांगितलं होतं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खुर्च्यांना. कुणीतरी ते तुकडे वेचले होते. मी गुंड्यांसाठी कापडाचे वेचतो तसे.

आणि मग जावई आठवला. मुलगी गेल्यावर तो एकदा आला होता. नीट विंचरलेले केस, हळू आवाज. माझ्या पाया पडला, स्टुलावर बसला.

"मी भांडायला आलो नाही, बाबा. मला फक्त तिच्याशी बोलायचंय. कुठे आहे ती?"

माझ्या तोंडात खिळे होते. मी ते काढले नाहीत. तो वाट बघत बसला. मी खिळे ठोकत गेलो, गालातले संपत आले तसे नवीन भरले. शेवटी तो उठला. जाताना बाकावर पालथा पडलेला माझा फोन त्याने उचलला, रुमालाने पुसला आणि सुलटा ठेवला.

"काच खरचटेल, बाबा," एवढं म्हणून गेला.

कोपऱ्यावरच्या मोबाइलवालीकडे मी तो फोन घेऊन गेलो. चटपटीत बाई, एका वेळी तीन फोन उघडून बसते. तिने तासभर तपासला.

"आजोबा, यात काही नाही. कुणी काही घातलेलं नाही. माझ्यापेक्षा तुमचाच फोन साफ आहे. तरी मनात किंतू असेल तर नवा घ्या, नंबरही नवा घ्या. ते ॲपही नव्याने घालून देते."

मी नवा घेतला. नवा नंबर अजून मलाच पाठ झाला नव्हता. दुकानात येऊन मी तो बाकावर ठेवला, मुलीचा नंबर एकेक आकडा बघून घालायला घेतला आणि तेवढ्यात फोन थरथरला.

"तुमचा नवीन नंबर ठेवून घेतला हं, बाबा," तिचा आवाज म्हणाला. "आणि किती बोलता हो आजकाल!"

४

मी तिला सांगितलं. मनात जुळवून, घसा साफ करून सांगितलं. "तो मी नाही. मी असं बोलत नाही. तुला माहीत आहे."

तिचं उत्तर आलं. आवाज पडलेला होता.

"बाबा, नका ना असं करू. आत्ता कुठे बोलायला लागलात. बोलून झालं की तुम्हाला लाज वाटते, आई म्हणायचीच. पण परत मागे घेऊ नका. मला लागतं ते."

मी फोन हातात धरून बसलो. माझं एक खरं वाक्य आणि त्याची शंभर गोड वाक्यं. मुलीने जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते तिला मिळालं होतं. ते देणारा मी नव्हतो, आणि ते परत मागणारा तेवढा मी होतो.

तिने चमचा वाजवणं सोडलं. आता ती बोलायची. तिची बोलणी माझ्या फोनवर यायची आणि ती सगळी उत्तरं असायची. प्रश्न कुठेच नसायचे.

"हो, खिडकी मोठी आहे. समोर पाण्याची टाकी दिसते."

"खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर खडखड. तुमची आठवण येते त्याने."

"हिरवा जिना आहे, बाबा. अगदी वरचं दार. तुमचे गुडघे कुरकुरतील."

प्रत्येक वेळी मी घाईघाईने सांगायचो, मी विचारलं नाही, सांगू नकोस. माझं ते बोलणं तिच्याकडे पोचत होतं की नाही, कुणास ठाऊक. पोचत असेल तर कोणत्या शब्दांत? कारण मी "सांगू नकोस" म्हटलं, की तिचं पुढचं उत्तर यायचं.

"बरं बाबा, सांगते."

दुकानात मी कामाला हात लावत नव्हतो. उसवलेल्या खुर्च्या पोट उघडं टाकून उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आमच्या मुलीचं घर माझ्या डोळ्यांसमोर भिंत भिंत उभं राहत होतं आणि माझ्याबरोबर आणखी कुणीतरी ते बघत होतं.

फक्त एक धागा शिल्लक होता. एकदा ती म्हणाली, "गावाचं नाव काय विचारता? तुम्हाला माहीत आहे ना. ते मी नाही हं बोलणार, आपलं ठरलंय." आणि हसली.

त्या हसण्याला मी हात जोडले.

५

मी तिला फोन लावला. थेट बोलणं होईल, तिथे कोण काय बदलणार, असं वाटलं.

"गुंडे, ऐक. ते घर सोड. आत्ताच्या आत्ता."

"नाही हो, मुळीच थंडी नाही इथे," ती म्हणाली. "पांघरूण आहे की."

"मी पांघरुणाचं बोलत नाहीये! गुंडे!"

"अहो बाबा!" ती खळखळून हसली. कित्येक वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. "आई तुम्हाला असं म्हणायची? खरंच? कधी सांगितलं नाहीत."

मी ओरडायला लागलो. माझा आवाज दुकानाच्या भिंतींना लागून परत माझ्या कानात येत होता. तिकडे ती शांतपणे ऐकत होती, मधूनच "हं" म्हणत होती, माझ्यासारखंच. मग म्हणाली, "ठेवते बाबा. दमलात तुम्ही. आज फार गोड वाटलं."

चष्मेवाला माझा आरडाओरडा ऐकून धावत आला होता. त्याने या वेळी थट्टा केली नाही. त्याच्या फोनवरून लावून पाहिला. तिने उचलला नाही. अनोळखी नंबर ती घेत नव्हती. आमचंच ठरलेलं.

"पोलिसांत जा," तो म्हणाला.

"काय सांगू? मी माझ्या मुलीशी बोलतोय, प्रेमाने बोलतोय, ते थांबवा?"

त्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

"मग तू स्वतः जा. फोन इथे टाक आणि जा. कोणत्या गावी आहे ते मला सांगू नकोस."

मी फोन बंद केला. एका खुर्चीच्या पोटात, काथ्याच्या आत खोल खुपसला. वरून कापड ओढलं, खिळे ठोकले. उरलेले खिळे तसेच खिशात राहिले. दुकानाला कुलूप लावताना आतून आवाज आला. दबलेला, काथ्यातून येतो तसा.

टक टक टक.

मी मागे वळून पाहिलं नाही.

६

बसच्या तिकिटाच्या खिडकीला जाड काच होती. काचेला बोलण्यापुरती जाळी. आत बसलेली बाई वर न बघता म्हणाली, "कुठलं?"

तोपर्यंत ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मुलीने माझ्या कानात ठेवलं होतं, तिथेच ते होतं. खुर्च्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी जाळीला तोंड लावून पुटपुटलो.

"ऐकू येत नाही, आजोबा. मोठ्याने बोला."

मी पुन्हा बोललो.

"अहो, मोठ्याने! मागे रांग आहे."

लिहून दाखवायचं तर मला नीट लिहिता येत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आटपा की जरा." मी गावाचं नाव मोठ्याने बोललो. माझं मलाच खणखणीत ऐकू आलं.

बाईने तिकीट सरकवलं. मी वळलो. रांगेतलं कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, सगळ्यांच्या हातात फोन होते, सगळ्यांच्या हनुवटीवर तो पांढरा उजेड होता. साधी माणसं. एक बाई कडेवरच्या बाळाला झुलवत होती. तिच्याही हातात होता.

मला वाटलं, कुणीतरी आता वर बघेल. कुणी बघितलं नाही. फक्त माझं बोलणं संपल्यावर ते सगळे फोन एकदाच, एकत्र, थोडे थरथरले. मला तसं भासलं असेल. बसस्थानकात आवाज फार असतात.

७

टाकी ती सांगायची तशीच होती. खालच्या दुकानात शिलाई मशीनची खडखड चालू होती. दुपारचं लख्ख ऊन जिन्याच्या झरोक्यातून पायऱ्यांवर पडलं होतं आणि हिरवा रंग जिथे तिथे पोपडे धरून सुटला होता. मी कठडा धरून चढलो. गुडघे कुरकुरले.

वरचं दार बंद होतं. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. माझ्या जिवात जीव आला. मी दारावर थाप मारली.

आतलं बोलणं थांबलं. मग तिचा हळू आवाज आला, फोनमध्ये बोलत होती. "थांबा हं बाबा. दाराशी कुणीतरी आहे."

"गुंडे, मी आहे," मी म्हणालो. चढून धाप लागली होती, शब्द नीट फुटत नव्हते. "मी. बाबा."

आणि मग दाराच्या फटीतून मला माझा आवाज ऐकू आला. धाप न लागलेला, मायेने ओथंबलेला.

"उघडू नकोस, बाळा. त्याने माणूस पाठवलाय. मी जिन्यात पोचतोच आहे. मी आलो की उघड."

"बाबा, मला भीती वाटते."

"माझी गुंडी ती. घाबरायचं नाही. तुझी आई गेली त्या दिवशी तू मला धरून बसली होतीस. मी रडलो नाही, तुला वाटलं बाबांना काही वाटत नाही. मला वाटत होतं की मी रडलो तर तू कुणाला धरशील?"

हे मी कधीच बोललो नव्हतो. तिच्याशी नाही, बायकोच्या फोटोशी नाही, कुठल्या खुर्चीशी नाही. हे फक्त माझ्या मनात होतं.

आत ती रडत होती. हलकं होऊन रडावं तशी.

मी बोटांच्या सांध्यांनी दारावर ठोकलं. आमची खूण. टक टक टक. मला वाटलं, निदान हे तिला कळेल. आत चमचा कुठे वाजतोय का, मी कान लावला.

उत्तर खालून आलं. जिन्याच्या तळाशी कुणीतरी लोखंडी कठड्यावर ठोकलं. टक टक टक. माझ्याच हातोडीचा आवाज, माझ्याच हाताचा जोर. मग पावलं चढायला लागली. सावकाश, म्हाताऱ्या माणसाने गुडघे सांभाळत चढावं तशी.

मी दाराला पाठ लावून खाली बसलो. दुसरं काय करणार होतो? ओरडलो असतो तर माझ्या आवाजाचं आत काय झालं असतं, कुणास ठाऊक. खिशात हात घातला, खिळे होते. ते गालात भरले. माझ्या तोंडातून तरी आता काही जाणार नव्हतं. पाय पुढे पसरले, पायरी अडेल एवढे.

वळणावर एक हात कठड्यावर आला. मला तेवढाच दिसला. त्या हातात घडी घातलेला, स्वच्छ रुमाल होता आणि रुमालात धरलेला उजेड. त्या उजेडातून माझा आवाज म्हणाला, "आलो गं, गुंडे."

"आले!" आतून मुलगी म्हणाली. इतक्या आनंदाने, की क्षणभर मला वाटलं ती मलाच म्हणतेय.

तिची पावलं धावत दाराशी आली, आणि माझ्या पाठीमागे कडी सरकली.